उजवीकडचा मॉनिटर

मॉनिटर घ्यायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायची, समोर बसणार कोण? त्यावर लोक कंपनीचं नाव सांगायचे, इंच सांगायचे, साडूच्या घरी पाहिलेल्या मॉनिटरचा रंग सांगायचे. बसणाऱ्याचं नाव कोणी सांगायचं नाही. जणू ती वस्तू भिंतीकडे तोंड करून ठेवायची होती.

आता घरोघरी पातळ पडदे आले आणि माझं दुकान बंद होऊनही बरीच वर्षं झाली. तरी अजून कोणीतरी म्हणतं, काकू, त्या डबड्यांत काय अक्कल लागत होती? लागत होती. किती लागत होती ते सांगते, आणि माझी कुठे कमी पडली तेही सांगते.

मी चौथी शिकले. सिंदी रेल्वे या आमच्या गावात स्टेशनच्या रस्त्यावर नवऱ्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचे हात कापायला लागले तेव्हा तो शेजारी बसून सांगायचा आणि सोल्डरिंग मी करायची. दोन वर्षांनी सांगायची गरज राहिली नाही. पुढे तोही राहिला नाही. त्यानंतर गिऱ्हाईक यायचं आणि दुकानात इकडेतिकडे पाहत विचारायचं, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणायची, "मीच मिस्त्री. काय बिघडलं थे बोला." काही बोलायचे, काही सेट उचलून परत जायचे. परत गेलेल्यांपैकी बरेच महिन्याभरात तोच सेट घेऊन पुन्हा यायचे. तेव्हा मी दुरुस्तीला चार दिवस जास्त लावायची.

नव्वदचं दशक संपता संपता गावात कॉम्प्युटर यायला लागले. टीव्ही उघडणाऱ्याला मॉनिटर नवा नाही. मागे तीच मोठी काचेची नळी, तसाच विजेचा दाब, चुकून हात लागला तर तसाच झटका. नागपूरच्या ऑफिसांतून निघालेले जुने मॉनिटर मी आणायची, दुरुस्त करायची आणि विकायची. त्यांवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. आकडे वाचता येत होते आणि पडदा पाहता येत होता. इंग्रजी वाचणारे लोक शेवटी मी बोट दाखवलेलाच मॉनिटर घेऊन जायचे.

एकटा मॉनिटर निवडणं सोपं असतं. खरी परीक्षा दोन-तीन शेजारी ठेवायचे असतील तेव्हा. प्रत्येकाचा पांढरा रंग वेगळा असतो. एकाचा निळसर, एकाचा पिवळट, एखाद्याचा गुलाबी. एकटा असला तर डोळा सांभाळून घेतो. शेजारी दुसरा आला की डोळ्याला इकडून तिकडे जाताना दर वेळी तडजोड करावी लागते आणि संध्याकाळी डोकं ठणकतं. म्हणून मी सगळ्यांवर कोरा पांढरा पडदा लावायची, अर्धा तास तापू द्यायची आणि मग रुईचा फाया प्रत्येकाच्या कडेला धरून पाहायची. रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. आमच्या गावात तिच्या पांढऱ्यावर तिचा भाव ठरतो, त्यामुळे तो पांढरा कोणता हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. कागदाचं तसं नाही. दरेक गठ्ठ्याचा कागद निराळा.

समुद्रपूरच्या एका फोटोवाल्याने हे ऐकलं नाही. जुन्या मॉनिटरशेजारी त्याने स्वतःच्या मनाने दुसरा आणून ठेवला. तो निळसर होता, म्हणून नवरी त्याला फिकट दिसली. त्याने तिला हळदीत बुडवल्यासारखी करून अल्बम छापला. तिच्या बापाने तो अल्बम त्याच्याच काउंटरवर आपटला. मग आला माझ्याकडे.

दुसरी गोष्ट लुकलुक. हे मॉनिटर एका सेकंदात कितीतरी वेळा चित्र पुसून नव्याने काढतात. काही भराभर काढतात, काही सावकाश. सरळ पाहिलं तर कळत नाही. मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की सावकाश काढणारा थरथरताना दिसतो. तीन मॉनिटर मांडले की दोन तर नेहमी कोपऱ्यातच असतात, म्हणून सगळे एका चालीचे पाहिजेत. तिसरी गोष्ट अंतर. दोघांमध्ये एक वीत जागा सोडायची, नाहीतर एकाच्या आतल्या विजेने दुसऱ्याचं चित्र हलतं. जवळ स्पीकर नको, पंखा नको.

एवढं सगळं मला येत होतं. आता गोपीकिसनशेठचं सांगते.

शेठचं गावाबाहेर कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं आणि बाजारात पेढी होती. कॉम्प्युटरवरून वायद्याचे सौदे सुरू झाले तेव्हा त्यांनी पेढीच्या छतावर डिशची तबकडी बसवली आणि माझ्याकडे आले.

"काकू, चार पडदे पाह्यजे. नागपूरले एका दलालाकडे पाह्यले म्या. चार होते त्याच्यापाशी."

"समोर बसणार कोण?"

"ठेवू कोणी. पह्यले पडदे तं सांगा."

"बसणारा नाई अन् पडदे चार. डोळे किती असतात शेटजी?"

"डोळे दोनच. पण भाव तं चार जिनसांचे पाहाचे आहेत ना."

त्यांना ते मॉनिटर गादीवर मांडायचे होते. तक्क्याला टेकून, पुढ्यातल्या बुटक्या डेस्कवर, वहीसारखे. पेढीची रीतच तशी. मी वाद घातला नाही. एक मॉनिटर त्यांच्या डेस्कवर ठेवला, सुरू केला आणि म्हटलं, पाहत बसा, मी चहा घेते. दहा मिनिटांत शेठ मान चोळायला लागले.

"मानीले रग लागली, काकू."

"हे दहा मिनिटं झाले. बसणारा आठ तास बसन."

मग सुताराकडून टेबल झालं. अडीच फूट खोल, कारण या मॉनिटरांची पाठ लांब असते. खिडकी बसणाऱ्याच्या पाठीशी येऊ दिली नाही, नाहीतर काचेत रस्ताच दिसतो. पडद्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत घेतली. नागपूरच्या बंद पडलेल्या एका ऑफिसातून सतरा इंची, एका कंपनीचे, एकाच वर्षाचे तीन मॉनिटर आणले होते. त्यांची रुई जुळत होती. दोन समोर ठेवले, तिसरा उजवीकडे थोडा वळवून. चौथा माझ्याजवळ होता, पण गुलाबी होता. शेठ म्हणाले चालन, मी म्हटलं नाई चालत. विकला नाही.

टेबलाशी बसायला शेठने सुनंदाला ठेवलं. जवळच्या खेड्यातली, वर्ध्याला बी.कॉम. झालेली मुलगी, सायकलने यायची. कामाला तेज होती. डाव्या दोन पडद्यांवर भाव पळायचे आणि उजव्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात सौद्याची खिडकी उघडायची. माल घ्यायचा असला की खिडकी निळी, विकायचा असला की लाल. खिडकीच्या माथ्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असायचं, पण घाईत ते कोण वाचतं. रंग पाहायचा आणि पुढचं बटण दाबायचं.

दसरा झाला आणि पाच-सहा दिवसांनी सुनंदा माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"काकू, उजवीकडच्या मॉनिटरचा वरचा कोपरा कसातरीच दिसून राह्यला. निळं अन् लाल, दोन्ही जांभळंच दिसते."

"थो मॉनिटर म्या सोता निवडला."

"हो जी. पण तुमी एकडाव येऊन पाहान का?"

"इथं रुई लावून पाह्यला होता पोरी. डोळे तपासून घेजो."

"डोळे तं चांगले आहेत."

"मंग पुन्हा तपास."

तिने सायकल वळवली आणि गेली. माझ्या पुढ्यात तेव्हा एक उघडा टीव्ही होता. ही सबब म्हणून सांगत नाही. पेढी दुकानापासून पाच मिनिटांवर होती, हेही सांगते.

आठ दिवसांनी शेठचा भाचा विनोद दुकानात आला. हा पेढीवर नुसता बसायचा आणि सुनंदाच्या खुर्चीवर त्याचा डोळा होता. खूश दिसत होता.

"काकू, तुमी बरोबर ओळखलं बरं. पोट्टीच्या डोळ्यातच दोष निंघाला."

"काय झालं?"

"काल सरकीच्या ढेपेचा सौदा घ्याचा होता. बाईसाहेबांनं विकून टाकला. मामाले चांगलाच दणका बसला. आज काढून टाकली तिले."

"दोष कोण्या डॉक्टरनं सांगितला?"

"डॉक्टर कायले? तुमीच सांगितलं ना. थेच म्हणून राह्यली होती का काकू म्हणतात डोळे तपास. मी मामाले सांगितलं, मशीनवाल्या काकूनं आठ दिवसांपासून ओळखलं आहे. बाजारातही सांगितलं. रंगआंधळी आहे म्हणून."

"बाजारात कोणाले?"

"सगळ्यायलेच. तिच्या लग्नाचं चालू होतं न काकू, सेलूकडचे पाहुणे होते. थे पण आज सकाळी बाजारात विचारून गेले म्हणते, डोळ्याचं काय आहे म्हणून."

मी दुकानाचं शटर ओढलं. भर दुपारी गिऱ्हाईक बसलेलं असताना. सुनंदाच्या गावी जाणारा ऑटो धरला. ती अंगणात धान्य पाखडत होती. मला पाहून उठली नाही.

"आता काऊन आल्या?"

"मॉनिटर पाहाले."

"मॉनिटर पेढीत आहे."

"तू पाह्यजे सोबत. खिडकी कशी उघडाची थे मले येत नाई."

"विनोदले येते."

"विनोद उघडन थे मले पाहाचं नाई."

"मी आठ दिवसांआधी तुमच्या दुकानापुढं उभी होती, काकू."

"हो. होती."

तिने सूप खाली ठेवलं. मी ऑटोत येऊन बसले. थोड्या वेळाने तीही येऊन बसली.

पेढीत शेठ गादीवर होते, विनोद टेबलाशी. मी त्याला उठवलं आणि शेठना म्हटलं, "शेटजी, तुमी बसा खुर्चीवर."

"मले काय येते त्याच्यातलं?"

"काही याले नाई पाह्यजे. रंग तं येतात ना?"

शेठ बसले. सुनंदा बाजूला उभी राहिली आणि तिने बटण दाबून खिडकी उघडली. नुसती उघडायची, सौदा पाठवायचा नाही, असं ठरवलं होतं. "माल घेऊन राह्यली का विकून राह्यली?" मी विचारलं. शेठ डोळे बारीक करून पाहू लागले.

"जांभळं दिसते."

"घ्याचं का विकाचं?"

"विकाचं असन."

सुनंदा म्हणाली, "घ्याचं आहे, शेटजी."

दुसऱ्यांदा उघडली. या वेळी शेठने बराच वेळ घेतला आणि पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्ची मागे सरकवली. विनोद मागून म्हणाला, "वरतं लिहिलेलं असते ना इंग्लिशमंधी. वाचाले काय होते?"

"मंग हे रंग कायले देते कंपनी? सजावट म्हणून?" मी म्हटलं. "बोट तं कोणाचंही शेजारच्या बटणावर पडते. रंग पाहून माणूस सावरते. तिले सावराले रंगच नोहता."

मग मी पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढून मॉनिटरमागे हात घातला. भिंतीत एक कोनाडा होता, मॉनिटरच्या कानाशी अगदी, आणि त्यात दसऱ्याचे झेंडू वाळून पडले होते. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तिकडे ओढला गेला. हाताला झटका बसावा तसा. फुलं बाजूला केली तर खाली लोहचुंबक. ताटलीएवढा, नवा, जिनिंगमधला. कापसात खिळे, तारांचे तुकडे येतात, ते मशीनमध्ये जाऊन ठिणगी पडू नये म्हणून जिनिंगवाले असा लोहचुंबक वापरतात.

"हा इथी कोणं ठेवला?"

शेठनेच ठेवला होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. जिनिंगचे पाने, काटा, नवा लोहचुंबक, सगळं नव्या कॉम्प्युटरजवळ मांडून हळदकुंकू वाहिलं. दसरा झाला आणि भाव चढले. मग लोहचुंबक शुभ निघाला म्हणून शेठने तो तिथेच, कोनाड्यात बसवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या जुन्या मॉनिटरच्या काचेमागे लोखंडाची बारीक जाळी असते. लोहचुंबक जवळ आला की जाळीवर त्याचा अंमल चढतो आणि निळ्यात लाल मिसळतो, लालमध्ये निळा, दोन्ही जांभळेच दिसतात. टीव्हीच्या मिस्त्रीकडे हा अंमल उतरवायची तारेची रिंग असते. पडद्यासमोर गोल गोल फिरवत मागे सरायचं. मी लोहचुंबक अंगणात नेऊन ठेवला, दुकानातून रिंग आणली आणि फिरवली. बराचसा डाग गेला, बोटभर कोपऱ्यात राहिला तो राहिलाच.

मग मी शेठना सांगितलं. "पोट्टीचे डोळे चांगले आहेत. चूक माझी आहे. तिनं मले सांगितलं होतं, म्या पाह्यलं नाई. अन् टेबल लावून देताना म्या स्पीकर सांगितला, पंखा सांगितला. जिनिंगच्या गावात धंदा करते अन् लोहचुंबक सांगितला नाई."

शेठ भले माणूस होते, पण पेढी चालवणारे होते. त्यांनी विनोदला चहा सांगायला पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, झालं थे झालं. पोट्टी उद्यापासून येईन. पण हे इथीच राहू द्या. पूजेच्या लोहचुंबकानं दणका बसला म्हणून लोकं हसतीन मले. अन् तुमचंही पाहा. माझ्या सांगण्यावरून बाजारातले तीन जण तुमच्याकडून टेबलं लावून घेणार आहेत. थे कायले बिघडवता?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती त्या बोटभर डागाकडे पाहत होती.

"नोकरी तं देऊन राह्यले," ती म्हणाली. "पण सेलूवाल्याइले काय सांगू मी? का पेढीत सगळ्याइले माहीत आहे, बाहेर कोणालेच नाई?"

तिचं बरोबर होतं. बाहेर जे पसरलं होतं ते माझ्या नावाने पसरलं होतं. डॉक्टरचा दाखला दाखवून उपयोग नव्हता. दोष डॉक्टरने सांगितलाच नव्हता, मी सांगितला होता.

मी म्हटलं, "शेटजी, तुमच्या लोहचुंबकाचं मी नाव घेत नाई. पण विनोदले पाठवा माझ्यासोबत."

"कुठी?"

"ज्या ज्या दुकानात यानं सांगितलं, त्या त्या दुकानात."

विनोद चहा घेऊन आला तेव्हा शेठ म्हणाले, "जाय यांच्यासंग." तो माझ्यामागे दहा पावलं अंतर ठेवून चालायला लागला. मी थांबले. तो थांबला. मी म्हटलं, "पुढं चाल बाबू, दुकानं तुले माहीत आहेत." कापडवाला, औषधवाला, बी-बियाण्यांवाला, स्टेशनसमोरचा चहावाला. प्रत्येक ठिकाणी मी एकच वाक्य बोलले, "पोट्टीचे डोळे चांगले आहेत, मॉनिटर माझा खराब होता." आणि विनोदला विचारलं, "हो का नाई?" तो म्हणायचा, "हो." औषधवाल्याकडे फार हळू म्हणाला, म्हणून मी पुन्हा म्हणायला लावलं. पाचव्या दुकानापासून तो न विचारताच हो म्हणायला लागला.

आता हे ऐकणारे मला म्हणतात, मॉनिटर तर तुमचा चांगला होता. मग स्वतःच्या मालाला खराब का म्हटलं? शेठला शब्द दिला होता, हे एक. दुसरं असं की जाळी, अंमल, लोहचुंबक समजावत बसले असते तर लोकांनी अर्धं ऐकलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा पोरीचे डोळे आले असते. मॉनिटर खराब, हे एका दमात समजतं. आणि कोपरा बिघडलेला होताच.

सेलूवाल्यांकडे मी गेले नाही. जायची गरज पडली नाही. बाजारातलं बोलणं माझ्यापेक्षा लवकर पोचतं. ते लोक पुन्हा आले. सुनंदाने त्यांना चहा दिला आणि नकार दिला. डोळ्यांची चौकशी ज्यांनी आधी बाजारात केली आणि मग घरात, त्यांच्याकडे जायचं नाही म्हणाली. पुढे तिचं लग्न हिंगणघाटला झालं. तोपर्यंत चार वर्षं तीच त्या टेबलाशी बसली. कामावर परतली त्या पहिल्याच दिवशी तिने मला बोलावून सौद्याची खिडकी डावीकडे घ्यायला लावली आणि उजवीकडचा मॉनिटर काढून न्यायला सांगितला. दोन पुरे, म्हणाली. मी दोन्ही मॉनिटर तिने सांगितले तिथे ठेवले, तिने सांगितल्याएवढे वळवले. शेठला दोनच पडदे पाहून वाईट वाटलं.

बाजारातल्या त्या तिघांनी टेबलं लावून घेतली ती नागपूरच्या माणसाकडून. काकू स्वतःच म्हणते माल खराब आहे, मग घ्यायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नाही, मीही असंच म्हटलं असतं. त्यांचं पाहून बाकीचेही तिकडे गेले. पातळ पडदे आले तेव्हा माझ्याकडे विचारायला कोणी राहिलं नव्हतं. मी पुन्हा टीव्ही दुरुस्त करत बसले, आणि टीव्हीही पातळ झाले तेव्हा शटर ओढलं.

माझी सून म्हणते, आई, तुम्ही त्या दिवशी पेढीतून सरळ घरी आल्या असत्या तर दुकान अजून दहा वर्षं चाललं असतं. चाललं असतं. तो हिशोब मलाही करता येतो. पण दुकानं फिरल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि आज तशी वेळ आली तर मी त्याच रस्त्याने त्याच दुकानांत जाईन, विनोद कितीही मागे राहिला तरी. वाईट वाटतं ते पाच मिनिटांच्या रस्त्याचं. तिने सायकल वळवली तेव्हा मी उठायला पाहिजे होतं.